घरमालक दुरुस्ती करीत नाही, तेव्हा ख्रिस्ती भाडेकरूने काय करावे?

पावसाळा तोंडावर आला म्हणजे आमच्या मंडळ्यांत एक प्रश्न दर वर्षी नव्याने निघतो. कोणी बंधू परक्याच्या घरात भाड्याने राहतो. टिनाचा पत्रा गंजून त्यास भोके पडली आहेत, आढ्याचा वासा वाळवीने पोखरला आहे, मागील भिंत ओलीने फुगली आहे. मालकास दोनदा सांगितले, चारदा सांगितले. तो "पाहू" म्हणतो, आणि भाडे मात्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोजून घेऊन जातो. अशा वेळी प्रभूच्या शिष्याने काय करावे? सोसावे, भांडावे, की न्यायालयात दाद मागावी?

पोहरादेवी हे आमचे गाव वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात आहे. बंजारा समाजाचे हे थोर श्रद्धास्थान असून रामनवमीस येथे दूरदूरच्या प्रांतांतून लोक येतात. २०२४ सालच्या ५ ऑक्टोबर रोजी येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाल्यापासून गावाचे नाव पूर्वीपेक्षा अधिक दूर गेले आहे. जेथे यात्रा भरते तेथे खोलीस व दुकानगाळ्यास मागणी असते, आणि मागणी असली म्हणजे "तुला नको असेल तर दुसरा येईल" हे वाक्य मालकाच्या जिभेवर सहज येते. आमचे बंधू संख्येने थोडे, शेतमजुरी किंवा लहानसहान धंदा करणारे. त्यांना दुसरे घर लवकर मिळत नाही. म्हणून हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने केवळ वादाचा नाही.

वाचकहो, या प्रश्नाची दोन उत्तरे आम्हांस नेहमी ऐकू येतात, आणि दोन्ही आम्हांस अपुरी वाटतात. कित्येक भाविक जन म्हणतात, की प्रभूने दुसरा गाल पुढे करण्यास शिकविले, तर गळक्या छपराविषयी तक्रार ती कसली? याच्या उलट कित्येक तरुण म्हणतात, की मालक आपले कर्तव्य करीत नाही तर आम्ही आपले का करावे? भाडे बंद करा, मग त्याचे डोळे उघडतील. पहिले उत्तर भक्तीचा वेष घेऊन येते आणि दुसरे न्यायाचा. दोहोंची परीक्षा केली पाहिजे.

प्रथम देवाचे वचन पाहू. घर बांधणे, घर राखणे या गोष्टी देवाने क्षुद्र मानिल्या नाहीत. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आज्ञा आहे, की नवे घर बांधणाराने धाब्यास कठडा करावा. न केल्यास आणि कोणी वरून पडल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरास लागेल. आमच्या वऱ्हाडात धाब्याची घरे अजून उभी आहेत, तेव्हा या आज्ञेचा अर्थ आम्हांस समजावून सांगण्याची गरज नाही. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की मालकाने कोणास ढकलले नाही. त्याने फक्त कठडा केला नाही. तरीही शास्त्र त्यास रक्ताचा दोषी धरते. करावयाचे ते न करणे हेही पाप होय.

लेवीयाच्या चौदाव्या अध्यायाचा उत्तरार्ध आपण उपासनेत क्वचित वाचतो. भिंतीस हिरवट किंवा तांबूस चट्टे पडून ते आत मुरलेले दिसले, म्हणजे घराच्या धन्याने स्वतः जाऊन याजकास कळवावे. याजकाने येऊन पाहावे, सात दिवस घर बंद ठेवावे. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाकावे, भिंती खरवडाव्या, नवे दगड बसवून नवा गिलावा करावा. आणि इतके करूनही चट्टा पुन्हा उठला तर घर पाडून टाकावे. सारी क्रमवार कारवाई आहे: कळविणे, पाहणी, मुदत, दुरुस्ती, पुन्हा पाहणी, शेवटचा उपाय. कळविण्याचा भार धन्यावर आहे. ज्याच्या मालकीचे घर त्याने त्याचा रोग लपवू नये, हे तत्त्व तेथे बसलेले आहे.

आता देशाचा कायदा. येथे आमच्या बांधवांत फार गैरसमज आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. महाराष्ट्रात भाड्याच्या घरांविषयी मुख्य कायदा म्हणजे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे, उलट करार नसेल तर, जागा राहण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. मालकाने हयगय केली तर भाडेकरूने त्यास लेखी नोटीस द्यावी व पंधरा दिवस वाट पाहावी. तरीही काही झाले नाही तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, किंवा अन्य रीतीने वसूल करावा. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक असू नये. म्हणजे समजा, महिना हजार रुपये भाडे आहे. वर्षाचे बारा हजार झाले. त्यातून तीन हजारच कापता येतात. पत्रे बदलण्यास आठ हजार लागले तर ते तीन वर्षांत फिटतील. खर्चाचा हिशेब व पावत्या भाडेकरूने नीट ठेवल्या असतील तर कायदा त्यांसच पुरावा मानतो. एका वाड्यातील अनेक भाडेकरू मिळूनही नोटीस देऊ शकतात. पाणी, वीज, जिन्यातील दिवा, सफाई यांसारख्या गरजेच्या सोयी मालकाने सूडाने तोडल्या तर त्याविरुद्ध एकोणतिसाव्या कलमाखाली न्यायालयात अर्ज करिता येतो. भाड्याची पावती देणे हे एकतिसाव्या कलमाप्रमाणे मालकाचे कर्तव्य आहे. आणि पंचावन्नाव्या कलमाप्रमाणे भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा, ती जबाबदारी मालकाची; तसा करार नसेल आणि वाद उपस्थित झाला, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात.

परंतु, बंधूंनो, येथे एक मोठा "परंतु" आहे. हा अधिनियम सर्व गावांस लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत जी ठिकाणे नमूद आहेत तेथे, आणि जेथे पूर्वीचे भाडेविषयक कायदे लागू होते तेथे, तो चालतो. आमच्या विदर्भात पूर्वीचा म्हणजे १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाड यांचा घरभाडे नियंत्रण हुकूम होय. शहरात वा मोठ्या कसब्यात राहणाऱ्यास त्याचा आश्रय मिळतो. खेड्यातील भाडेकरूने तो आपल्या गावास लागू आहे असे गृहीत धरून एक पैसाही कापू नये. आधी वकिलास विचारावे.

जेथे तो लागू नाही तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आहे. त्याच्या एकशे आठाव्या कलमातही हीच वाट आहे: जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे ती त्याने कळविल्यावर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने करावी व खर्च व्याजासह भाड्यातून कापावा. मात्र "बांधलेला आहे" या शब्दांकडे लक्ष द्यावे. हा जुना कायदा स्वतः होऊन मालकास बांधीत नाही; करार किंवा तेथील वहिवाट त्यास बांधते. म्हणून खेड्यातील मनुष्याचे सारे बळ कराराच्या कागदात आहे, आणि खेड्यात कागद करण्याची चाल नाही! घर घेताना "छपराची दुरुस्ती मालकाने करावी" एवढी एक ओळ लिहून घेतली असती तर जे काम झाले असते, ते पुढे दहा खेपांनी होत नाही. त्याच कलमात असेही आहे, की घरातील मोठा दोष, जो मालकास ठाऊक आहे व भाडेकरूस साधारण काळजीने दिसण्यासारखा नाही, तो मालकाने आधी उघड केला पाहिजे. आणि आग, वादळ वा पूर यांनी घर निरुपयोगी झाले तर भाडेकरूस भाडेपट्टा रद्द करिता येतो.

खरे बोलावयाचे तर या जुन्या कायद्याखाली गरिबाची स्थिती नाजूकच आहे. महिनेवारीचा भाडेपट्टा मालकास पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपविता येतो. तेव्हा आपल्या हक्काचे पत्रे बसवून घेणारा मनुष्य पुढच्या महिन्यात घर गमावू शकतो. एवढे मात्र निश्चित, की नोटीस संपली म्हणून मालकास बिऱ्हाड रस्त्यावर फेकता येत नाही. त्यासही न्यायालयातच जावे लागते. बळजबरीने बाहेर काढले तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या सहाव्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो.

यावरून भाडे बंद करण्याच्या मार्गाविषयी काय ते दिसून येईल. दुरुस्तीचा खर्च कापणे आणि भाडे सर्वस्वी अडविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीस कायद्याचा आधार आहे, दुसरीस नाही. भाडे थकले म्हणजे मालकाच्या हाती घर खाली करून घेण्याचे कारण आपण स्वतः देतो. १९९९ चा अधिनियमदेखील नव्वद दिवसांच्या मागणी-नोटिशीपलीकडे थकबाकीदारास फारसे वाचवीत नाही. आणि नीतीने पाहिले तरी, गळक्या का होईना पण त्या घरात आपण निजलो, चूल पेटविली. त्याचे जे वाजवी देणे आहे ते अडविणे म्हणजे मालकाच्या अन्यायास आपल्या अन्यायाची जोड देणे होय. ज्याचे जे देणे ते द्यावे, असे पौल रोमकरांस लिहितो, आणि तो ते अशा सत्तेविषयी लिहितो की जी निर्दोष नव्हती.

येथे मालकाची बाजूही ऐकिली पाहिजे. मुंबईत १९४७ च्या कायद्याने बहुतेक भाडी १९४० च्या सप्टेंबरात जी होती त्याच पातळीवर गोठविली होती. चाळीस-पन्नास रुपयांच्या भाड्यात मोठ्या चाळीची डागडुजी होणे शक्यच नव्हते. मालकांनी हात आखडला, इमारती जीर्ण होत गेल्या, आणि १९६९ मध्ये सरकारास उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे. त्यानंतरच्या १९९९ च्या अधिनियमात वर्षास शेकडा चार टक्के भाडेवाढीचा हक्क मालकास मिळाला. आमच्या गावातील मालकही नेहमी सावकारच असतो असे नाही. कधी ती विधवा बाई असते, जिचे पोट त्या दोन खोल्यांच्या भाड्यावर चालते. अशा मालकिणीस नोटीस धाडण्यापूर्वी "बाई, पत्रे तुम्ही आणा, मजुरी आम्ही करतो" असे म्हणणारा ख्रिस्ती भाडेकरू कायद्याच्या पलीकडची गोष्ट करतो. मात्र दारिद्र्याची सबब सांगणारा प्रत्येक मालक दरिद्री नसतो, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. यिर्मयाने यहोयाकीम राजास झाडले ते तो गरीब होता म्हणून नव्हे. स्वतःच्या माडीस गंधसरूचे तक्तपोस करणारा तो दुसऱ्याच्या श्रमाचे मोल देत नव्हता, म्हणून.

आता जे उत्तर आम्हांस खरोखर अडचणीत टाकते त्याकडे वळतो. पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात विचारतो, की तुम्ही न्यायालयात जाण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? हे वचन आम्ही झिडकारू शकत नाही. ते भावाभावांतील वादाविषयी आहे, आणि आमचा मालक बहुधा मंडळीबाहेरचा असतो, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. परंतु सोसण्याची आज्ञा डोंगरावरील प्रवचनातही आहे, आणि तेथे शत्रूदेखील वगळलेला नाही.

तरी एक भेद ध्यानात घ्यावा. पौल म्हणतो, तुम्ही सोसा. जो सोसणार तो स्वतः निवड करितो. म्हणूनच ते सोसणे यज्ञासारखे आहे. परंतु कुजलेल्या वाशाखाली जे लेकरू निजते त्याने काही निवडले नाही. ओलीने जिला खोकला जडला त्या म्हाताऱ्या आईने गाल पुढे केला नाही. तिचा गाल तिच्या मुलाने पुढे केला आहे. बापास आपला अंगरखा देऊन टाकण्याचा अधिकार आहे, पण लेकराच्या अंगावरचे पांघरूण देऊन टाकण्याचा नाही. मुंबईत पाकमोडिया मार्गावरील जुनी हुसैनी इमारत २०१७ च्या ३१ ऑगस्ट रोजी सकाळी कोसळली, तेव्हा तीसहून अधिक माणसे मेली. तेथे दोष कोणाचा हे आम्ही सांगत नाही. परंतु इमारत पडते तेव्हा ती सोसणारा कोण आणि न सोसणारा कोण हे पाहून पडत नाही, एवढेच दाखवावयाचे आहे.

यावर कोणी आक्षेप घेईल, की प्रत्येकाच्या घरी लेकरे आहेतच. मग या युक्तिवादाने प्रत्येक भांडण पवित्र ठरेल. आक्षेप योग्य आहे. म्हणून मनुष्याने स्वतःस विचारावे: मला काय मिळाले म्हणजे मी थांबेन? छप्पर नीट झाले म्हणजे थांबेन, असे उत्तर आले तर तो न्याय मागत आहे. मालकाने गावात मान खाली घातली म्हणजे थांबेन, असे उत्तर आले तर तो दुसरेच काही मागत आहे, आणि त्याने आणखी एक रात्र प्रार्थनेत घालवावी. पौलाने स्वतः फेस्तापुढे कैसराकडे दाद मागितली. फिलिप्पै येथे बेकायदा फटके मारणाऱ्या अधिकाऱ्यांनी गुपचूप सुटका देऊ केली तेव्हा त्यांनी स्वतः येऊन आम्हांस बाहेर न्यावे असा आग्रह धरिला. हक्क सांगणे आणि सूड घेणे यांतील अंतर त्यास ठाऊक होते. त्याने त्या अधिकाऱ्यांस शिक्षा करविली नाही. लूकाच्या अठराव्या अध्यायातील विधवेनेही न्यायाधीशाचा पिच्छा पुरविला, आणि प्रभूने तिला दोष दिला नाही.

मालक मंडळीतीलच असेल तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचा क्रम आहे: आधी एकट्याने एकांतात, मग एकदोघांस घेऊन, मग मंडळीपुढे. मालक बाहेरचा असला तरी हा क्रम उपयोगी पडतो. गावातील दोन भल्या माणसांस घेऊन गेले असता पुष्कळ वासे न्यायालयावाचून बदलले गेले आहेत. त्यानेही न झाले तर तालुक्यास विधी सेवा समिती व जिल्ह्यास विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांस व मुलांस उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, गरीब पुरुषास उत्पन्नाच्या अटीवर मिळतो. अनुसूचित जमातीच्या बांधवांस ख्रिस्ती झाल्याने या मदतीस बाध येत नाही. अनुसूचित जातीतून आलेल्यांस मात्र १९५० च्या आदेशामुळे त्या जातीच्या नात्याने ती मागता येत नाही, हे दुःख आम्ही जाणतो, तरी गरिबीच्या नात्याने मागता येते. लोकअदालतीत दोघांच्या संमतीने तडजोड होते. तिचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असून त्यावर अपील नाही. वाटेत असतानाच वाद्याशी समेट कर, असे जे प्रभूने शिकविले, त्यास सरकारी व्यवस्थेत याहून जवळची जागा आम्हांस माहीत नाही.

एक गोष्ट राहिली. ती लिहावयाची की नाही याचा आम्ही बराच विचार केला. आमचे कित्येक उपदेशक मंडळीच्या किंवा मिशनच्या मिळकतीवरील घरांत राहतात. ही घरे जुनी आहेत, आणि सारीच कोरडी आहेत असे कोणी म्हणणार नाही. कामामुळे मिळालेले असे घर कायद्याने सामान्यतः भाड्याचे मानले जात नाही. ती काम असेपर्यंत राहण्याची परवानगी समजतात. म्हणजे वर सांगितलेली बहुतेक साधने उपदेशकाच्या हाती नाहीत. तो तक्रार केली तर बदली होईल म्हणून भितो, आणि रविवारी त्याच मिळकतीवर उभा राहून धाब्यास कठडा करण्याचे वचन वाचतो! आमच्या विश्वस्तांस व पंचांस नम्रपणे विचारावेसे वाटते: ज्यास न्यायालयात जाता येत नाही त्याचे छप्पर पाहण्याचे काम त्यांनी पावसापूर्वी करावे की नाही? मजुरांची अडविलेली मजुरी ओरडते असे याकोब लिहितो. बाहेरच्या मालकास आम्ही पंधरा दिवस देतो. घरच्या मालकास किती वर्षे द्यावी?

आता उपदेशकांस एक विनंती. ज्या बंधूस लिहिता येत नाही त्याची नोटीस तुम्ही लिहून द्या. तीत शिवीगाळ नको, शास्त्रवचनांची धमकीही नको. घर कोठले, भाडे किती, कोणत्या महिन्यापर्यंत दिले, काय मोडले आहे, तोंडी केव्हा सांगितले, आणि किती दिवसांत दुरुस्ती व्हावी, एवढेच लिहावे. दोन प्रती काढाव्या. एक स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी, दुसरी स्वतःजवळ ठेवावी. मोडक्या भागाचे छायाचित्र मोबाइलावर तारखेसह काढून ठेवावे. भाडे रोख न देता पावती घेऊन किंवा बँकेतून द्यावे. ज्या गावी उपदेशक नाही तेथील बंधूंनी शेजारच्या गावच्या उपदेशकाकडे जावे, आणि चैत्र-वैशाखातच जावे. कारण नोटीस पोचणे, तिची मुदत सरणे आणि मग सुतार मिळणे यांत महिना सहज निघून जातो.